बोर्डावरची मीरा मॅडम

"वाटत नाही हो तुम्ही त्यांच्यातल्या. मराठी काय स्वच्छ बोलता!"

क्लासचे सर हसत म्हणाले. क्लास त्यांचाच, बिबवेवाडीत. म्हणे कौतुक करत होते. चार पिढ्या आम्ही मुसलमान पुण्यात राहतोय. मी मराठीशिवाय दुसरं काय बोलणार होते?

नुकताच मी नोकरीसाठी चाचणीचा तास घेतला होता. ॲल्युमिनियमची लांब पन्हळ, एका टोकाखाली पुस्तकं, वरून सोडलेली बेअरिंगची गोळी. मुलं मोबाईलवर वेळ घेत होती. दुप्पट वेळात गोळी चौपट अंतर कापते, हे त्यांनी स्वतः मोजून काढलं. वर्ग नुसता उसळला होता.

सरांनी चहा मागवला. मग आवाज उतरवून म्हणाले, "पालकांचा विचार करावा लागतो. बोर्डावर आपण मीरा मॅडम लिहू. चालेल ना?"

माझी आधीची शाळा बंद पडली होती. घरी मी एकटी कमावती. मी मान डोलावली.

बोर्ड लागला. मीरा मॅडम, भौतिकशास्त्र. कुणी हाक मारली की ओ द्यायला मला क्षणभर उशीर व्हायचा. एकदा अब्बांनी विचारलं, "पोरं तुला काय म्हणतात?"

"मॅडम," मी म्हटलं. किळस आली. सरांची. माझीही.

मग एका रविवारी पालकांना बोलावलं. त्यांच्यासमोर तोच प्रयोग करायचा होता. नववीतली एक मुलगी गोळी धरून उभी. इतक्यात पहिल्या रांगेतल्या बाई सरांना म्हणाल्या, "तुमच्याकडे बरं आहे. ते लोक नाहीत. हल्ली कुठेही घुसतात. एक प्रकारचा वासच येतो हो."

सर हसले. माझ्याकडे बघून हसले. "आपल्याकडे ती काळजीच नको."

"मॅडम, सोडू का?" मुलीनं विचारलं.

"थांब."

मी फळ्याकडे वळले. नाव लिहिलं. माझं. अब्बांच्या नावासकट, आडनावासकट. मग मोठ्यानं वाचलं.

"मी मीरा नाही. हे माझं नाव. ते लोक म्हणजे मी."

मुलीच्या हातून गोळी सुटली. पन्हळीतून घरंगळत खाली फरशीवर आदळली. वेळ कुणीच घेतली नव्हती. त्या बाईंनी पदर नाकाशी नेला. खरंच नेला.

"अहो, हे आत्ता गरजेचं होतं का?" सर दातओठ खात म्हणाले.

"होतं."

मी गोळी उचलून मुलीच्या हातात दिली. "हे रीडिंग गेलं. परत घेऊ." या वेळी तिनं गोळी नीट सोडली. मागच्या बाकांवरून वेळा ओरडून सांगितल्या गेल्या. मी त्या माझ्या नावाखाली लिहिल्या, त्वरण काढून दाखवलं, तास पूर्ण केला. काही पालक मुलांना ओढत घेऊन गेले. राहिलेल्यांपैकी एकही जण माझ्या बाजूनं बोलला नाही.

संध्याकाळी सरांचा मेसेज आला. उद्यापासून येऊ नका. शेवटी हात जोडल्याचं चिन्ह.

अब्बांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बोर्ड लागला तेव्हाच सांगायचं होतंस."

खरं आहे. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं.

आता जागा शोधते आहे. याच शहरात. विज्ञानच शिकवणार. मिळायला वेळ लागेल, लागू दे. उसनं नाव घेऊन मी पुन्हा कुठल्याही वर्गात पाय ठेवणार नाही.