सुलोचनाचं घर

आमच्या ऑफिसात किस्से साचतात ते सिंकमधल्या चहाच्या कपांसारखे. जो तो आपला टाकून जातो. धुवायचे कोणी, हे ठरलेलं नाही. पणजीत बसून आम्ही डिचोलीच्या डोंगरातल्या एका धनगरवाड्यावर संशोधन करतो. मुलाखती ऐकून उतरवून काढायचं काम माझं.

* * *

लग्न होऊन मी पेडण्याला गेले. नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. रजेवरून परतले तर सर म्हणाले, "वा! नाव बदललं, म्हणजे आता वाड्यावरच्या लोकांसारखी तूसुद्धा गोपनीय!"

सगळे हसले. मीही हसले. नव्या नवरीला तेवढंच जमतं.

* * *

वाड्यावर सर प्रत्येकाला समजावतात, "तुम्हाला कोणी ओळखू नये म्हणून खरं नाव छापणार नाही."

एक म्हातारबाबा म्हणाले, "बरां. मगे मघाशी फोटो कित्याक काढलो?"

* * *

खोटी नावं ऑफिसातला प्रसाद देतो. त्याच्या सगळ्या मावश्या-आत्या आता अहवालातल्या धनगरवाड्यावर राहतात! वाड्याचं नाव मात्र सरांनी ठेवलं, 'वाडा क'.

"सर, अ आणि ब कुठे?" प्रसादने विचारलं.

"नाहीतच रे. बसू दे वाचणाऱ्याला शोधत!"

* * *

अहवाल वाड्यावर वाचून दाखवायचा, हाही नियमच. देवळासमोर सगळे जमले. सर वाचू लागले, "सुलोचना, नाव बदललेलं. विधवा. एका पायाने लंगडते. दिराच्या परड्यात खोपटं. ती सांगते, पुढाऱ्याने गुरं चरायचं रान कोणाला न विचारता खाणवाल्यांना दिलं."

सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. वाड्यावर लंगडणारी आजी एकच. आणि पुढारी म्हणजे तिचा दीरच!

मागून आजीचा आवाज आला, "सर, नाव तेवढां सांगू नकात हां!"

कोणी हसलं नाही.

* * *

नंतर सरांनी मलाच आजीकडे पाठवलं. "बाईशी बाई बरी बोलते."

दिराने खोपटं रिकामं करून घेतलं होतं. आजी देवळाच्या पायरीवर बोचक्याला टेकून बसलेली. माझ्या हिरव्या चुड्याकडे बघून म्हणाली, "लगीन जालां गो बाय? नाव बदल्लां?"

"हो, आजी."

"आणि रवतंस खंय?"

"पेडण्याला. सासरी."

तिने बोचकं मांडीवर ओढून घेतलं.

"तुका नवां नाव दिलां, ता घरासकट. माका पण तुमी नवां नाव दिलांत. त्या सुलोचनाचां घर खंय, ता दाखव. मी थंय जावन रवतंय."