रेचेपुरा उठला

रेच्याखालची सरकी अन् रेचेपुऱ्याच्या गोष्टी, दोन्ही कितीबी झाडा, कोपऱ्यात उरतेच. तुमी म्हणता, एक सांग. मी एक सांगाले बसते, तिच्या पदराले धरून दुसरी येते, अन् माही चूल तशीच थंडी राह्यते. आता पुरा कुठं राहिला म्हणा. तिथून सडक गेली, अन् सडकेवरून कापसाच्या बंड्या बडनेऱ्याले, रेलगाडीकडं. ज्याले पाहा तो म्हणते, "अरेरे, केवढी वस्ती होती." मी नाई म्हणत. तो पुरा उठला तवा मले सुटल्यासारखं झालं. काहून, ते सांगते. पण आधी हसाच्या ऐका.

रेचा म्हणजे कापसातली सरकी काढाचा लाकडी चरक, हातानं फिरवाचा. अमरावतीच्या परकोटाभाईर आमची वस्ती, घरोघर रेचा, म्हणून रेचेपुरा. तिकडं समुद्रापल्याड गोऱ्या-गोऱ्याईत लढाई जुंपली अन् इकडं आमच्या वऱ्हाडाच्या कापसाले सोन्याचे दिवस आले. ज्याच्या घरी एक रेचा होता, त्यानं दुसरा मांडला. माणसाच्या निजाच्या जागेवर रेचा बसला, अन् माणूस गेला ओसरीवर.

*

गल्ल्या अशा, की बंडी आली का कुत्र्यानंबी भिंतीले चिकटाव. एकदा तिवस्याची कापसाची बंडी इकडून आली, भातकुलीची तिकडून. मधात तोंडाले तोंड.

तिवसेवाला म्हणे, "मागं घे."

भातकुलीवाला म्हणे, "माह्या बैलाईले मागं चालाची सवय नाई."

"माह्याबी नाई."

झालं! दोघंबी आपापल्या बंडीवर बसून राहिले. दुपार झाली. आमाले जाता येईना, येता येईना, शेवटी आमीच बायाईनं दोघाईले भाकर अन् बेसन नेऊन दिलं. जेवता जेवता निघालं की एकाची पोरगी लग्नाची हाय अन् दुसऱ्याचा पोरगा. हात धुवाच्या आत सोयरीक जुळली.

मंग काय, आता व्याही झाले. हा म्हणे, "तुमी आधी जा." तो म्हणे, "नाई, मान तुमचा." दोघाईनंबी बैल सोडले, आपापली बंडी हातानं मागं ओढली, अन् एकमेकाईले रामराम करत घरी निघून गेले. त्या दिवशी कापूस कोणाचाच बजारात पोचला नाई.

*

पैशानं माणसं येडी झाली होती. आमच्या पुऱ्यातल्या नामदेवनं बैलाच्या शिंगाईले चांदीच्या शेंब्या केल्या. केल्या तं केल्या, पण चोराच्या भेवानं बैल घरात बांधले अन् बायकोची वाकळ टाकली अंगणात.

चार दिवस तिनं काही म्हटलं नाई. पाचव्या दिवशी साऱ्या गल्लीच्या देखत म्हणे, "धनी, मलेबी शिंगं लावून द्या, म्हणजे मीबी घरात निजीन."

*

रुई अशी उडे, की भाकरीवर रुई, पाण्यावर रुई, देवाच्या तोंडावर रुई. मुर्तिजापूरचे पाहुणे एकदा भीवाजीच्या पोराले पाहाले आले. पोरगं रेच्यावरून तसंच उठून आलं. डोक्याचे केस पांढरे, भिवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, अन् दारातच त्याले खोकल्याची ढास लागली.

पोरीची मावशी उठून उभी राहिली, डोक्यावर पदर घेतला अन् म्हणे, "या, आजेसासरे, या. नवरदेव कुठं हाय?"

हसा, हसा. आमीबी लय हसलो होतो. पण त्या रुईनंच माहे दोन लेकरं नेले. पयला पोरगा, मंग पोरगी. दोघाईलेबी तोच खोकला, तेच निळं पडणं. दोघंबी बोलाले शिकाच्या आत गेले. वैदाले दाखवलं, देवाले नवस केला. सासू म्हणे, "दृष्ट हाय." मी म्हटलं, "दृष्ट नाई, रुई हाय." पण रेचा बंद केला तं खाचं काय? आता मले तिसऱ्यांदा दिवस गेले होते, अन् मी रात न् दिस एकच मागे: देवा, हे लेकरू या पुऱ्यात नको जन्मू देऊ.

*

तेवढ्यात दवंडी आली, रेचेपुरा उठणार. सरकारले सरळ सडक पाह्यजे, कापूस रेलगाडीले न्याले. वस्तीले नवी जागा भेटणार, मोकळ्या माळावर. साऱ्या बाया रडाले लागल्या. मी पदर तोंडाले लावला होता, पण आतून हसून राहिली होती.

काम पाहाले पुण्याकडचा एक ओवरसेर आला. तरणा गडी, पगडी, लांब कोट, अन् बोलणं पोथीसारखं. संग त्याच्या लाल झेंड्या, म्हणून आमी त्याले झेंडीसाहेब म्हणत जाऊ. खरं नाव कोणालेच माहीत नोतं.

पयल्या दिवशी तो भीवाजीच्या ओसरीवर आला. भीवाजी बसून तंबाखू मळून राहिला होता. साहेब म्हणे, "आजोबा, आपल्याला उठावे लागेल."

भीवाजी गुडघ्याले हात देत उभा राहिला. "घ्या, उठलो. बसा तुमी."

"तसे नव्हे. घर सोडावे लागेल."

"बैल सोडाचा असते साहेब, गाय सोडाची असते. घराले कुठं दावं हाय?"

साहेबानं कपाळाले हात लावला अन् बसला तिथंच. भीवाजीनं त्याले तंबाखू दिली.

*

मंग झेंड्या लागल्या. जिथून सडक जाणार तिथं बांबूवर लाल झेंडी. आमच्यातल्या अर्ध्या बायाईनं तं झेंडी पाहून हळदकुंकूच वाहलं, म्हटलं देवीची हाय. पण नामदेवले समजलं. त्यानं आपल्या दारची झेंडी उपसली अन् शेजाऱ्याच्या दारी गाडली. शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याच्या. असं करत करत सारी रांग सरकली. रातभर सारेच जागे.

सकाळी साहेबानं दुर्बीण लावली. एक डोळा मिटून पाहे, पुसे, अन् पुन्हा पाहे. सडक निघाली पुऱ्याभाईरून, आमराईतून, अन् नीट त्याच्याच तंबूतून.

नामदेव शेजारी उभा. म्हणे, "साहेब, मोठी कामाची जागा निवडली तुमी. पण तुमचं सामान केव्हा हालवाचं?"

तो माणूस चिडला असंन असं तुमाले वाटते. नाई. तो इतका हसला की त्याची पगडी पडली. मंग झेंड्या उपसून पुन्हा जागच्या जागी लावल्या, अन् आमच्या दारातली आपल्या हातानं लावली. माह्या पोटाकडं पाहून एवढंच म्हणे, "बाई, तुमचं घर शेवटी घेऊ."

*

पण लेकरू कोणाच्या हुकमानं येते का? एकेक घर पडून राहिलं होतं, माणसं माळावर जाऊन राहिली होती, अन् मले कळा लागल्या. मजूर कुदळी घेऊन दारात. काशी सुईण भाईर आली, हातात विळा. म्हणे, "आतलं काम आधी, भाईरचं मंग."

साहेब म्हणे, "किती वेळ लागेल?"

"मले काहून विचारता? त्याले विचारा, येणाऱ्याले."

तो थांबला. थेट पाचवी पुजेपर्यंत थांबला. आजूबाजूचं सारं सपाट झालं, अन् मधात माही एक झोपडी. पोरगा झाला होता. पुऱ्यात रेचे बंद, रुई कुठं नाई. मी त्याच्या नाकाजवळ हात धरून बसे. श्वास साफ होता. पण भेव जाईना. दोन्ही वेळेले सुरवातीले श्वास साफच होता.

निघाच्या दिवशी सासू म्हणे, "दोन गेले. हे असं नाई न्याचं. उकिरड्यावर टाकाचं." तुमाले माहीत हाय, ज्याचे लेकरं जगत नाई तिथं लेकरू उकिरड्यावर ठेवाचं. परक्यानं उचलाचं. मंग आईनं ते मूठभर कोंडा देऊन इकत घ्याचं. म्हणजे ते लेकरू तिचं राह्यत नाई, अन् तिच्या नशिबातलं मरण त्याले सापडत नाई. पण तोवर आईनं त्याले आपलं म्हणाचं नाई. कोणीच नाई म्हणाचं.

मी म्हटलं, "उकिरडा तं कालच उचलून नेला."

सासू म्हणे, "आता सारा पुराच उकिरडा हाय. ठेव कुठंबी."

सुपात जुनेर टाकलं, वर लेकरू, अन् सूप मातीच्या ढिगावर ठेवलं. आमी घरचे अन् माळावरून आमाले न्याले आलेले भीवाजी-नामदेव, सारे पडक्या भिंतीमागं. काशीनं पलीकडून येऊन उचलाचं असं ठरलं होतं. पण काशी यायच्या आधी तिकडून आला झेंडीसाहेब. त्यानं सूप पाहलं, धावत आला, अन् लेकरू उचलून छातीशी धरलं.

"कुणाचं मूल आहे हे?"

आमी सारे भाईर आलो, पण आपलं म्हणणार कोण? भीवाजी म्हणे, "आमचं नाई." नामदेव म्हणे, "आमचंबी नाई." सासू म्हणे, "पाहलंच नाई कधी."

साहेबाचं तोंड लाल झालं. "पाच दिवसांचं लेकरू! माणसं आहात की कोण? मी याला घेऊन जातो." अन् निघाला की खरंच. तो पुढं, आमी सारे मागं, अन् माह्या मुठीत कोंडा.

काशीनं त्याले आडवं होऊन म्हटलं, "साहेब, इकता काय?"

"मूल विकू?"

"कोंड्यावर घेतो आमी. तुमच्याकडं करत नाई का असं?"

तो थांबला. लेकरू रडाले लागलं, अन् त्याच्या आवाजानं माही चोळी दुधानं वली झाली. मी पदर ओढला, पण त्यानं पाहलं होतं. हळूच म्हणे, "बाई, तुमचंच ना?"

मी म्हटलं, "माहं नाई, साहेब. पण भाव सांगा."

त्यानं लेकराकडं पाहलं. मंग म्हणे, "माझं नाव धोंडो आहे. माझ्या आधी तीन गेले होते."

त्यानं उपरण्याचं टोक पुढं केलं, मी मूठ उघडली. कोंडा त्यानं नीट गाठीत बांधला. लेकरू माह्या पदरात टाकलं अन् कापसाच्या बजारातल्या दलालासारखं ठणकावून म्हणे, "एकदा दिलेला माल परत घेणार नाही."

मी म्हटलं, "परत देते कोण?"