फोटोत आधीच बरा झालेला डोळा

काल सकाळी जळगावच्या घरी ओट्यावर बसलो होतो. नातीने मोबाईलवर माझा फोटो काढला आणि बोट फिरवून सगळ्या सुरकुत्या घालवून दाखवल्या... मी हसतच सुटलो. मला धुळ्याचे फोटोग्राफर तात्या आठवले.

स्वातंत्र्याच्या थोडं आधीची गोष्ट. आम्ही पारोळ्याला राहायचो, मी मराठी तिसरीत. डावा डोळा नाकाकडे वळलेला. कविता म्हणायची भारी हौस, पण गुरुजींकडे बघून सुरू केलं तरी डोळा भिंतीवरच्या नकाशाकडे वळलेला दिसायचा आणि मागून कुणीतरी ओरडायचंच, "गुरुजी, हाऊ नकाशाले कविता म्हनी ऱ्हायना!"

शेवटी वडील, म्हणजे आमचे नाना, मला मोटारीने धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, समोर दिवा ठेवून याचा फोटो काढून आणा. दिव्याचा ठिपका दोन्ही बुबुळांत कुठे पडतो, त्यावरून डोळा किती वळलाय ते मोजता येतं.

चष्म्याने आणि पट्टीने भागलं तर ठीक, नाहीतर ऑपरेशनला मुंबई... मुंबईचं नाव ऐकून आईच्या घशाखाली घास उतरेना.

तात्यांनी फोटो काढून दिला. डॉक्टरांनी भिंगातून फोटो पाहिला, मग मला पाहिलं, परत फोटो पाहिला. फोटोत माझे दोन्ही डोळे अगदी सरळ!

नाना तडक स्टुडिओत. तात्या तर शाबासकीची वाट बघत बसलेले. लग्नाच्या मुलींचे तिरळे डोळे ते निगेटिव्हच्या काचेवर बारीक ब्रशने सरळ करून द्यायचे. हात त्याच सवयीने चालला होता...

"भाऊ, इतला गोड पोऱ्या शे. तिरळा फोटो कसा देऊ?"

मग दुसरा फोटो, ब्रशशिवाय. डाव्या डोळ्यातला ठिपका बुबुळाच्या पार बाहेरच्या कडेला. डॉक्टरांनी तो मोजला, चष्मा दिला, चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायला सांगितलं. नाना पहिला फोटो फाडायला निघाले, तर डॉक्टर म्हणाले, "राहू द्या. आपल्याला इथवर पोचायचंय."

पट्टी बांधून वळलेल्या डोळ्याने मी कविता वाचायचो. अक्षरं मुंग्यांसारखी पळायची. पाठ असलेली कविता घडाघडा म्हटली की आई पान उलटायची... नवीन वाच!

सहा-सात महिन्यांनी पुन्हा तात्यांकडे, या वेळी चष्मा लावून. फोटो आला. दोन्ही ठिपके बरोबर मध्यभागी! नानांच्या कपाळाला आठी पडली.

"तात्या, परत ब्रश फिरवला ना?"

"मायनी आन, भाऊ! हातबी नही लावा!"

नानांना पटेना. डॉक्टरांनी माझ्यासमोर दिवा धरला, निरखून पाहिलं आणि फक्त म्हणाले, "मुंबई रद्द." मग मला म्हणाले, "कविता येते ना? नानांकडे बघून म्हण."

मी म्हटली. दुसऱ्या कडव्याला नानांनीच नजर खाली घातली, उपरण्याने डोळे पुसले...

सरळ डोळ्यांचे ते दोन्ही फोटो अजून माझ्याकडे आहेत. ब्रशचा कुठला आणि खरा कुठला, ते मी फोटोतल्या चष्म्यावरून ओळखतो. तात्यांनी मला माझ्या आधी बरं झालेलं पाहिलं होतं, त्यांचे उपकार कसे विसरू?

नात विचारत होती, "आबा, सुरकुत्या परत आणू का?" म्हटलं, राहू दे गं. आपल्या घरात फोटो आधी बरा होतो, माणूस मागून येतो...