बऱ्या पोरांचं रक्त

निरोगी मुलांच्या मागे हात धुऊन लागलेला माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात एकच आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. बोईसरला त्यांची रक्त तपासायची लॅब. आजारी माणसं आपल्या पायांनी येतात, त्यांचं त्यांना काही कौतुक नाही. लग्नाच्या पंगतीत धडधाकट पोर दिसलं, की यांचा डोळा जिलबीवरून उडून थेट त्याच्या दंडावर जातो. "वय काय हो याचं?" असं ते इतक्या आशेने विचारतात, की आया पोराला पदराआड घेतात.

त्यांचं दुखणं म्हणजे क्रिएटिनिन. स्नायूंतून रक्तात येणारा हा मळ मूत्रपिंडं बाहेर टाकतात; ती बिघडली, की त्याचा आकडा चढतो. मुलांच्या अंगावर मांस कमी, म्हणून त्यांचा आकडाही कमीच असायला हवा. मशीन मात्र पाच वर्षांच्या पोराच्या रिपोर्टवरही पन्नाशीच्या माणसाची मर्यादा छापतं. "बापाच्या सदऱ्यात पोर मावणारच की!" साडू कडाडतात. पुस्तकातल्या मर्यादा परदेशी मुलांच्या, तेव्हा त्या इथल्या निरोगी मुलांवर पडताळून घ्यायच्या, हा त्यांचा ध्यास.

त्यासाठी ते दातिवऱ्यापासून घिवलीपर्यंत फिरले. घिवलीत एका कोळणीने सुनावलं, "पोरगा बरा हाय, मंग सुई कशाला? नजर लागल त्याला!"

"बरा आहे म्हणूनच!" हे उत्तर कुठल्या आईला पटणार? शेवटी हा एम.डी. झालेला माणूस पिशवीत मीठ-मोहऱ्या घेऊन हिंडू लागला. रक्त काढलं, की लगेच पोराची दृष्ट काढायची, तीही साग्रसंगीत. मी पोट धरधरून हसलो. ते शांतपणे म्हणाले, "हसा. नमुने मिळताहेत."

त्या कोळणीच्या पाच वर्षांच्या मुलाचा आकडा आला पॉइंट नऊ. छापील मर्यादेत ऐटीत बसणारा, पण बाकीच्या पोरांत एकटाच उंच. साडूंनी चाचणी पुन्हा लावली. तोच आकडा. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः घिवलीला गेले आणि मायलेकरांना मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. लघवीच्या वाटेत अडथळा निघाला. आणखी उशीर झाला असता, तर मूत्रपिंडं हातची गेली असती. ऑपरेशन झालं.

परवा तो पोरगा पुन्हा तपासायला आला, तेव्हा मी लॅबमध्येच होतो. आकडा पॉइंट पाच. आई डोळे पुसत होती. पोराने साडूंना विचारलं, "आता मी बऱ्या पोरांत हाय ना?"

असा आजार होऊन गेलेल्या मुलाचा आकडा निरोगी मुलांच्या हिशेबात धरायचा नाही, हा साडूंचा नियम. सख्ख्या भाच्यालाही त्यांनी त्यापायी वगळलंय. मी साडूंकडे पाहिलं.

"हाय की," ते त्याच्याच बोलीत म्हणाले आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले. आकडा त्यांनी धरला नाहीच. पण इतक्या वर्षांत मला हा माणूस एवढा कधी आवडला नव्हता.