वहीतला नवा रकाना

ख्राइस्टचर्चच्या शूटिंग रेंजवर दर शनिवारी माझ्या शेजारच्या टेबलावर पुण्याचे एक निवृत्त इंजिनिअर रायफल घेऊन बसत. काडतुसांबद्दल ते इतकं बोलत, की नाव विचारायला वेळच उरत नसे. काडतुसं ते घरी भरत. प्रत्येकातली दारू तोलून, लांबी मोजून सगळं वहीत. याद्या मीही करते, पण त्यांच्यापुढे मी अगदीच गबाळी.

"विकतची काडतुसं म्हणजे विकतचं पुरण," माझ्या खोक्याकडे बघून ते म्हणत.

त्यांच्या गोळ्या मात्र टार्गेटभर हिंडत. मग कधी दोष दारूचा, कधी वाऱ्याचा. निर्दोष एकटे काका.

गेल्या शनिवारी वैतागून त्यांनी रायफल माझ्यापुढे सरकवली. "ताई, तुम्ही मारा पाच. यावेळी भरणंच चुकलंय, बघा."

माझ्या पाचही गोळ्यांची भोकं एका नाण्याखाली झाकली गेली असती.

काका दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे काडतुसं उत्तम झालीत," ते म्हणाले. मग वहीत दारू, लांबी, वारा यांच्या शेजारी त्यांनी नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'हात'.

रेघ थरथरत खाली गेली. माझ्या पिशवीत आखायची पट्टी होती. मी ती काढली नाही.