मांडवात पांढरं पातळ

"पांढरं नेसून आलीस? कुणाच्या मयताला निघालीस?"

मालकीणबाई हे मांडवाच्या तोंडाशी उभं राहून बोलल्या. हातात अक्षतांचं ताट होतं. माझ्या आधी आलेल्या बाईला त्यांनी कुंकू लावलं, माझ्या मागच्या बाईलाही लावलं. माझ्यापाशी हात थांबला.

मी म्हणाले, "वहिनी, हे माझं चांगलं पातळ हाय."

"चांगलं असंल. पोरीची हळद अजून ओली हाय. तिच्यासमोर ह्ये घेऊन जाऊ नको."

मागे लोक खोळंबले होते. कुणीतरी म्हणालं, "विधवा हाय का?" दुसरी बाई म्हणाली, "न्हाई गं, गळ्यात मणी हायत. त्यांच्यातली हाय ती." मग दोघी हसल्या. फार मोठ्यानं नाही. लग्नघरात हसतात तेवढंच.

हे भोसरीतलं. आमच्या वर्कशॉपच्या मालकाच्या मुलीचं लग्न होतं. त्या वर्कशॉपात मी चार वर्षं लोखंडी पार्टच्या कडा कानशीनं घासत होते. आम्ही सहा बायका होतो, सगळ्या रोजंदारीवर. कडा घासली नाही तर पार्ट हात कापतो. घासली तर घासणारीची बोटं जातात. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना अजूनही नीट कळत नाही गरम काय आणि गार काय.

मालकानं उन्हाळ्यात सांगितलं होतं, दिवाळीनंतर दोघींना कायम करणार. हजेरीच्या पटावर नाव, आजारपणाची रजा, सगळं. फोरमन म्हणाला, तुझं आणि कौसाचं नाव हाय डोक्यात. मग मालकानं लग्नाची पत्रिका आम्हाला स्वतःच्या हातानं दिली. मालक म्हणाले, "समद्यांनी यायचं. घरचं कार्य हाय." मला वाटलं, न जाणं बरं दिसणार नाही. दिवाळी पाच महिन्यांवर होती.

आता पांढऱ्याचं सांगते. माझं लग्न धम्म घेतल्यानंतरचं. आमच्या गावात आमच्या वस्तीतलं तसं पहिलंच लग्न. बुद्धाच्या मूर्तीसमोर, पांढऱ्या पातळात. बारीक निळा काठ. माझ्या बापानं ते नगरहून आणलं होतं. आमच्यात नवरी पांढरं नेसते. आमच्याकडं तोच लग्नाचा रंग. ते पातळ मी वर्षातून दोनदा ट्रंकेतून काढायची. बाकीची दोन पातळं होती, रंगीत होती, पण त्यांना वर्कशॉपचं तेल लागलेलं. कितीही सोडा घाला, तो डाग जात नाही. नुसता पसरतो.

म्हणून मालकाच्या घरच्या कार्याला मी माझं सगळ्यात मानाचं वस्त्र काढलं. रात्री नीळ घातली. सकाळी पितळी तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. नवरा पहिल्या पाळीला गेला होता. सुमीला, माझ्या मुलीला, शेजारणीच्या मुलीचा लाल फ्रॉक मागून आणला. ती नऊ वर्षांची होती. एवढी तयारी करून मी गेले, आणि कोणत्या रंगाचं काय नेसावं हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मला वाटलं होतं, स्वच्छ आणि मानाचं असलं की झालं.

मालकीणबाईंनी घरातल्या गड्याला हाक मारली. "त्या गठ्ठ्यातलं एक पातळ आण रं." त्यानं चॉकलेटी रंगाचं नवं पातळ आणलं. घडी मोडलेली नव्हती. बाई म्हणाल्या, "ह्ये नेस. मंग ये आत. राहू दे तुलाच."

नवं पातळ. फुकट. मला क्षणभर बरंही वाटलं. हे मी लपवत नाही.

सुमीला आत कौसाबाईबरोबर पाठवलं. कौसाबाई परभणीकडची. माझ्या शेजारच्या पाटावर बसून कानस मारायची. तिनं नारंगी पातळ नेसलं होतं, तिला कुणी काही बोललं नाही. मी मागच्या न्हाणीत गेले. पांढरं सोडलं, चॉकलेटी नेसलं. पांढऱ्याची घडी न्हाणीच्या भिंतीवर ठेवली.

बाहेर आले आणि पाहिलं, मागच्या अंगणात सात-आठ बायका भांडी घासत होत्या. सगळ्यांच्या अंगावर हेच पातळ. एकाच ताग्यातलं. लग्नात राबणाऱ्या बायकांना मालकांनी ते दिलं होतं, कारण वाढप्यांना ओळखू यावं कोण कामाची आणि कोण पाहुणी. आणि चॉकलेटी का, तर त्यावर खरकटं दिसत नाही.

मी आत जायला निघाले. मांडवाच्या दारात एका माणसानं मला अडवलं. "इकडं कुठं? पहिली पंगत उठली, पत्रावळी उचल." मी त्याला सांगायला हवं होतं. मी पाहुणी आहे, माझ्याकडं पत्रिका आहे. तोंड उघडलं. मग मालकीणबाई दिसल्या, पलीकडून माझ्याकडंच बघत होत्या. त्यांनी त्या माणसाला अडवलं नाही. मला दिवाळी आठवली.

मी वाकले आणि पत्रावळ उचलली.

माझ्या बापानं गावात उष्टं उचलायचं सोडलं, त्यासाठी मार खाल्ला. त्याच्या डाव्या हाताचं हाड कायमचं वाकडं राहिलं. आणि मी इथं, कुणी काठी न उगारता, नव्या पातळात, उष्टं उचलत होते. मला कुणी बळजबरी केली नाही. हेच सांगायला मला आजही जड जातं. पातळ बदललं आणि मी आपोआप वाकले.

तास गेला असेल. दोन पंगती उचलल्या. तिसरीत पोरंसोरं बसली होती. मी पाठमोरी, द्रोण गोळा करत होते. मागून आवाज आला.

"ओ मावशी, इथं मठ्ठा सांडलाय. पुसा ना."

आवाज सुमीचा होता.

मी वळले. तिच्या हातात अर्धी पुरी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या पातळाकडं, मग हातातल्या टोपलीकडं.

"आई? तू हितं कामाला लागलीस का?"

शेजारची मुलगी लगेच म्हणाली, "ही तुझी आई हाय? तू तर म्हणालीस कंपनीत हाय."

सुमीची मान खाली. तिनं पुरी पत्रावळीवर ठेवली आणि स्वतःच्या फ्रॉकच्या टोकानं तो मठ्ठा पुसायला लागली. मागून आणलेल्या फ्रॉकनं.

मी टोपली खाली ठेवली.

न्हाणीत गेले. माझं पातळ कुणीतरी भिंतीवरून खाली पाडलं होतं, एक टोक ओलं झालं होतं. मी ते तसंच नेसलं. चॉकलेटी पातळाची नीट घडी केली, कारण कापडाचा काय दोष, आणि ती घडी मालकीणबाईंच्या हातात दिली. म्हणाले, "तुमचं ठेवा, वहिनी." आणि पुढच्या पंगतीत जाऊन बसले. कौसाबाईच्या शेजारी. तिनं मला पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं.

मालकीणबाई आल्या. "तुला काय सांगितलं होतं?"

"जेवायला बसले. मालकांनी पत्रिका हातानं दिलीय."

"आधी ते बदल."

"ह्ये माझ्या लग्नातलं हाय. ह्ये नेसूनच माझं लग्न लागलं. नवरा जिता हाय माझा, पहिल्या पाळीला गेलाय."

समोरच्या ओळीतली एक म्हातारी म्हणाली, "यांच्यात समदं उलटंच. उद्या मयताला शालू नेसतील." दोघीतिघी हसल्या.

मालकीणबाईंनी आवाज खाली घेतला. त्या वाईट बाई नव्हत्या असं लोक म्हणायचे. त्या म्हणाल्या, "हे बघ, माझ्या पोरीचं कार्य हाय. तुमचं तुमच्यापाशी. दिवाळीचं तुला ठावं हाय ना? ऊठ."

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. मी कशासाठी वाकले होते ते त्यांना सगळं ठाऊक होतं.

"उठणार न्हाई," मी म्हणाले.

माझ्या उजव्या हाताची बाई उठली आणि लांब जाऊन बसली. मग तिच्या पलीकडची. डावीकडं कौसाबाई होती. ती हळूच म्हणाली, "माय, मला नोकरी करायची हाय. माझ्यावर रागावू नको." आणि तीही उठली. मी तिच्यावर रागावले नाही. तिला चार पोरं होती.

वाढपी आले. भात माझ्यावरून पुढं गेला. भाजी पुढं गेली. बुंदी पुढं गेली. एक वाढपी जरा घुटमळला, मागचा म्हणाला, "चल रं, फुडं हो." पत्रावळ कोरी राहिली. मी तिच्यापुढं बसून राहिले. पंगत संपेपर्यंत बसले. भूक होती. सकाळपासून चहावर होते. सुमी मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. मी तिला हात केला, ती आली नाही. तिला लाज वाटत होती. कुणाची, ते मी कधी विचारलं नाही.

पंगत उठली तेव्हा मी उठले.

घरी चालत येताना सुमीनं विचारलं, "आपल्याकडं रंगीत न्हाई का?"

"हाय," मी म्हणाले. "तेलकट हाय."



संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो कामावरून थकून आला होता. म्हणाला, "एक दिवस नेसली असतीस तर काय झिजलं असतं? कायम झाली असतीस." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. माझंही नव्हतं. आम्ही दोघं जेवलो आणि झोपलो.

सोमवारी फोरमननं फाटकातच सांगितलं, सध्या काम कमी आहे, बोलावणं धाडू. बोलावणं आलं नाही. दिवाळीनंतर कौसाबाई कायम झाली. मी काही दिवस घरी होते, मग चाकणच्या बाजारात कांदा निवडायला जाऊ लागले. पहाटे निघायचं, गोणीवर बसून सडका कांदा बाजूला काढायचा. तिथं कुणी काय नेसलंय ते कुणी बघत नव्हतं. सगळ्याच मातीत.

त्या दिवसानं मला शहाणं वगैरे केलं नाही. दमवलं. पण एक गोष्ट कळली. मी वाकले ती भीतीनं, आणि ज्यांनी वाकवलं त्यांना धाकाचा एक शब्दही बोलावा लागला नाही. नुसतं एक पातळ पुढं केलं. तेव्हापासून पुढं केलेलं कापड मी घेत नाही. नवं असो, फुकट असो.

काही वर्षांनी सुमीचं लग्न ठरलं. मुलगा पिंपरीत मोठ्या कंपनीत. त्यांच्याकडून निरोप आला की मुलाचे साहेबलोक येणार आहेत, मुलीच्या आईनं पांढरं नेसू नये, बरं दिसत नाही. ते आमचेच लोक. आमच्याच धम्माचे. निरोप आणणारा म्हणाला, "आक्का, जमाना बदलला. जरा समजून घ्या."

मी म्हणाले, "समजलं. त्यांना सांगा, आई आली तर पांढऱ्यात येईल. चालत नसंल तर मुलगी दुसरीकडं बघा म्हणावं."

नवरा घाबरला. सुमी चुलीपाशी होती. तिच्या लग्नाचा प्रश्न होता, माझ्या हट्टाचा नाही, हे मला कळत होतं. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं तव्यावरची भाकरी उतरवली. मग निरोप्याला म्हणाली, "आई सांगती तसंच सांगा."

चार दिवस काही आलं नाही. पाचव्या दिवशी होकार आला.

सुमीनं स्वतः लाल शालू नेसला. तिला तोच हवा होता. मी अडवलं नाही. तिचं अंग, तिचं कापड. मी पांढऱ्यात गेले, साहेबलोकांच्या पुढच्या रांगेत बसले, जेवले आणि दुसऱ्यांदा मागूनही घेतलं.

आजही पत्रिका येतात. हल्ली खाली छापलेलं असतं, बायकांनी अमुक रंग नेसावा. मी वाचते. चौथी शिकलेय, वाचता येतं. मग मला जे नेसायचं ते नेसते. कुणी दारात अडवलं तर परत फिरणार नाही. कुणी पंगतीतून ऊठ म्हणालं तर उठणार नाही. कुणाचंही उष्टं उचलणार नाही, मरेपर्यंत.

हे ऐकीव नाही. हे माझ्यावर गुदरलं आहे.