अकरा नंबरचा फॉल्ट

घाटंजीपासून बाभुळगावापर्यंत आणि तिकडे पार फुलसावंगीपर्यंत, कापसाच्या कुठल्याही जिनिंगात यंत्रांचं आपसांतलं बोलणं बंद पडलं की फोन अश्वजितला जातो. तो येतो, आधी चहा पितो, मग यंत्रांपुढच्या फलाटावर चढून तिथं कोण कोण काम करतं ते नावानिशी विचारतो, आणि त्यानंतरच पॅनलचं दार उघडतो. नव्या मालकांना हा माणूस जरा चक्रमच वाटतो. बोलावलं पॅनल बघायला, तर हा बायांची चौकशी काय करत बसतो? पण काम चोख असल्यामुळे कोणी तोंड उघडत नाही. ही खोड त्याला कशी लागली ते घाटंजीत बऱ्याच जणांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी ही हकिकत.

गोष्ट दोन हजार सहाच्या हंगामातली. त्या वर्षांत आमच्याकडे बाहेरगावच्या जीपगाड्या फार येत. गाडीतून उतरायचं, कॅमेरा खांद्यावर घ्यायचा आणि इथं दुःखी कोण आहे असं विचारत हिंडायचं. कापसाचं वाटोळं झालं होतं, ते कोणी नाकारत नव्हतं. पण त्याच गावात लोक सकाळी उठून कामालाही जात होते, आणि हे जीपवाल्यांना सांगितलं तर ते लिहून घेत नसत. एकाने जिनिंगच्या फाटकाशी तिथंच कामाला असलेल्या मानीबाईला गाठून विचारलं, "मावशी, तुमचं दुःख काय?" मानीबाई म्हणाली, "चाय थंडी झाली." ते काही छापून आलं नाही.

गावातल्या बाकीच्या जिनिंगांना एव्हाना कुलपं लागली होती. उरलं होतं ते फुलचंदसेठचं. सेठ म्हणजे सावध माणूस, ताकसुद्धा फुंकून पिणारा. पण जुन्या पद्धतीने आता टिकाव नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. त्याच्याकडे बारा चरख्या होत्या. चरखी म्हणजे कापसातली सरकी बाजूला काढून रुई वेगळी करणारं यंत्र. दर चरखीपाशी फलाटावर एक बाई उभी राहायची आणि दिवसभर हाताने कापूस तिच्या तोंडात लोटायची. संध्याकाळपर्यंत बाईच्या भुवया, पापण्या, नाकाचा शेंडा, सगळं पांढरं व्हायचं. आता कापूस वरच्या पट्ट्यावरून येऊन ज्या त्या चरखीत आपोआप पडणार होता, आणि कुठल्या चरखीला किती द्यायचा ते काचेच्या खोलीतला संगणक ठरवणार होता.

हे सगळं जोडायला नागपूरच्या पॅनलवाल्या कारखान्याने जो माणूस पाठवला, तो घाटंजीचाच निघाला. अश्वजित इथल्या बौद्धवाड्यातला. त्याचा बाप देवराव लवकर गेला. यवतमाळला आयटीआय करून तो नागपूरला चार वर्षं तारा ओढायला शिकला होता. आणि फुलचंदसेठच्या अकरा नंबरच्या चरखीवर जी बाई कापूस लोटत होती ती मथुराबाई, त्याची आई. तान्हा असताना तो याच जिनिंगात, कापसाच्या ढिगावर झोपलेला. सेठने हे ऐकलं आणि त्याला जिनिंगातच ठेवून घेतलं. घरचा माणूस पळून जात नाही, हा सेठचा हिशेब. अश्वजितला तर आकाश ठेंगणं झालं. नागपूरची खोली आणि खानावळीची वांग्याची पातळ भाजी, दोन्ही सुटली.

कामाला जोडीदार मिळाला जमीर मिस्त्री. तीस वर्षं या चरख्यांची हाडं बसवणारा माणूस. संगणकाला तो हात लावत नसे, पण बाकी सगळ्याला लावत असे. दोघांनी मिळून बारा चरख्यांना बारा डबे बसवले. डब्यात छोटे छोटे खटके होते. ते खालीवर केले की त्या डब्याला आपला नंबर मिळायचा. मग एक राखाडी केबल पहिल्या डब्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अशी शेवटपर्यंत नेली.

सुरुवातीला या केबलने दोघांना रडकुंडीला आणलं. रुईच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसची मोठी मोटर सुरू झाली, की सात नंबरपासून पुढच्या सगळ्या चरख्या मुक्या व्हायच्या. मोटर थांबली की पुन्हा शहाण्यासारख्या बोलायच्या. अश्वजितने संगणकातलं सगळं तीनतीनदा तपासलं. शेवटी कळलं, की जागा वाचवायला त्यांनी ही नाजूक केबल मोटरच्या जाड केबलीला खेटून नेली होती. जाड केबलीतून वीज धावली की हिच्या कानठळ्या बसायच्या. चूक दोघांची होती आणि दोघेही ती एकमेकांवर ढकलत होते.

"तूच म्हनला होता ना, इथूनच ने म्हनून," जमीर म्हणाला.

"मी म्हनलो, पन चाचा, तुमी तीस वर्षांचे मिस्त्री. तुमी काहून आयकलं?"

केबल वेगळ्या पन्हळीतून नेली, तिच्यावरचं जाळीचं वेष्टण एका टोकाला जमिनीशी जोडलं, आणि चरख्या सुतासारख्या सरळ झाल्या. या भानगडीचा एक परिणाम मात्र राहून गेला. केबलीला खोड आहे, असं साऱ्या जिनिंगच्या मनात पक्कं बसलं.

मग एकेक चरखी आपोआपवर जायला लागली. जी चरखी आपोआपवर गेली तिची बाई फलाटावरून खाली उतरायची. खाली नवा पट्टा लागला होता. त्याच्यावरून जाणाऱ्या कापसातला काडीकचरा, प्लास्टिकचे धागे, कोंबडीची पिसं वेचायला आठ बाया लागणार होत्या. मुकादम अमरसिंगने चपळ हातांच्या आठ जणी निवडल्या. ज्या तीन वयस्कर उरल्या त्यांना तो म्हणाला, आता घरी आराम करा. त्या तिघींत नऊ नंबरची मानीबाई होती. तिच्या तांड्याहून जिनिंगापर्यंतची वाट तिच्या पायांनी बनवलेली, असं लोक म्हणत.

राहिली अकरा नंबर. मथुराबाई सगळ्यांत थोरली. तिची चरखी बोलायला लागली की ती घरी जाणार, हे आरशासारखं लख्ख होतं.

त्या दिवशी अश्वजित काचेच्या खोलीत बसला, अकरा नंबरचं पान उघडलं, आणि त्याचा हात काही पुढे सरकेना. खोलीत एसी होता, जिनिंगातला पहिलाच. तरी त्याला घाम फुटला. नवरा गेल्यावर आईने इथंच उभं राहून त्याला वाढवलं. तिच्या मैत्रिणी इथल्या, भांडणं इथली, हसणं इथलं. आणि आपण स्वतःच्या बोटाने तिला घरी धाडायचं? त्याने अकरा नंबरच्या चौकोनातली खूण काढून टाकली. अमरसिंगला सांगितलं, "अकरा नंबरवर फॉल्ट आहे. केबलचं काहीतरी आहे. तोवर हातानं चालू द्या."

सगळ्यांना पटलं. जमीरला पटलं नाही, कारण ती केबल त्याने स्वतः ओढली होती. पण त्याने अश्वजितच्या तोंडाकडे पाहिलं आणि विडी पेटवायला बाहेर निघून गेला.

असे दिवस गेले. बाकीच्या अकरा चरख्या आपोआप चालत आणि आपल्या चरखीपाशी मथुराबाई एकटी फलाटावर उभी राहून कापूस लोटत असे. आधी तिला बरंच वाटलं. नशीब आपलं, केबल बिघडली. पण खाली पट्ट्यावरच्या आठ जणींच्या गप्पा वर पोचत नसत. आणि बाजाराच्या दिवशी मानीबाई समोरून आली की मान वळवून भाजीच्या ढिगात काहीतरी शोधायला लागायची. जळते मेली, असं मथुराबाईने एकदा मनात म्हटलं. म्हटल्यावर तिला काही चांगलं वाटलं नाही.

इकडे फुलचंदसेठचा धीर सुटला. अकरा नंबर मागे पडते म्हणून सगळ्यांचा वेग कमी ठेवावा लागत होता. त्याने नागपूरला फोन लावला. कारखान्याचा मोठा साहेब दोन दिवसांत येतो म्हणाला. अश्वजितने मनात हिशेब मांडला. साहेब येऊन खुर्चीत टेकला, की चहा येण्याआधी त्याला ती नसलेली खूण दिसणार. मग नोकरी तर जाईलच, पण गावात नावसुद्धा राहणार नाही. खूण परत करावी तर आई घरी, न करावी तर आपण घरी.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत अमरसिंग मथुराबाईला सहज म्हणाला, "तुह्या पोराले ते अकरा नंबर काही जमून नाही राह्यलं. उद्या नागपूरचा सायेब येते."

मथुराबाईने भाकरीचा तुकडा तसाच फडक्यात ठेवला. तिला काहीही म्हटलेलं चालत असे, पण पोराला जमत नाही हे तिने आजवर कोणाकडून ऐकून घेतलं नव्हतं. शाळेत असताना या पोराने शेजाऱ्यांचा रेडिओ उघडून परत बसवलेला. अकरा चरख्या बोलत्या केल्या आणि बारावी जमेना? तीही नेमकी आईची? ती उठली, काचेच्या खोलीच्या दाराशी पदराने अंगावरची रुई झटकली, आणि पहिल्यांदाच आत पाऊल टाकलं.

"अकरा नंबरले काय झालं?" तिने विचारलं.

"फॉल्ट आहे माय. नोड रिस्पॉन्स नाही देत."

"मले समजन असं सांग."

अश्वजितने पडद्याकडे बोट केलं. "हे पाय. हा संगनक मुकादमासारखा आहे. एकेका चरखीचा नंबर पुकारते. चरखी हाजर म्हनते, मंग तो तिले काम देते. असी सारखी हजेरी चालू राहते."

"मंग अकरा नंबर हाजर काहून नाही म्हनत?"

अश्वजित खाली बघत म्हणाला, "त्यानं तिचं नावच नाही पुकारलं. मी हजेरीतून काढलं. तुले घरी पाठवतीन म्हनून."

पोराच्या मायेने मथुराबाईचा ऊर भरून आला होता, आणि त्याच वेळी त्याच्या एक मुस्काटात द्यावी असंही वाटत होतं. बाजारात वळलेली मानीबाईची मान तिला आता नीट समजली.

"बाकीच्या अकरा जनींच्या वेळी नाव पुकारलं तुह्या मशीननं," ती म्हणाली. "मानीबाईच्या वेळीही पुकारलं. माह्याच वेळी त्याची वाचा गेली? त्या बाया मले काय म्हनत असतीन?"

"माय, पन तू घरी बसून करशीन काय?"

"ते मी पाईन. मी काई तुले इचारून जिनिंगात नव्हती आली. पुकार नाव."

त्याने चौकोनात खूण केली. पडद्यावरचा लाल ठिपका क्षणभर तसाच राहिला आणि हिरवा झाला. बाहेर अकरा नंबरवर वरच्या पट्ट्याचं झाकण उघडलं आणि कापूस धबाधबा पडू लागला. फलाटावर कोणी नव्हतं. मथुराबाईने काचेतून ते पाहिलं. "बेस चालते," ती म्हणाली, आणि राहिलेली भाकर खायला गेली.

अश्वजित तसाच सेठकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. फुलचंदसेठ सुपारी चघळत ऐकत राहिला.

"आई आहे म्हणून?" त्याने शेवटी विचारलं.

"हो सेठ."

सेठने नागपूरला फोन करून साहेबाला येऊ नका म्हणून कळवलं. मग अश्वजितला म्हणाला, "माझी आई असती तर मीपण हेच केलं असतं. पण मी मालक आहे. तू नाहीस." त्यानंतर होळीपर्यंत तो अश्वजितशी कामापुरतंच बोलला. नोकरी मात्र राहिली.

मथुराबाई घरी बसली. पहिले काही दिवस तिने घरातली भांडी दोनदोनदा घासली. मग बाजाराचा दिवस आला. अश्वजितने तिला नाक्यावर नेऊन सोडलं. तिथं बाजाराकडे जाणारा एक ऑटो भरत होता. आत मानीबाई आणि तिच्याबरोबर घरी गेलेल्या त्या दोघी, मांडीवर रिकाम्या पिशव्या घेऊन बसलेल्या. मथुराबाई ऑटोच्या बाहेरच थबकली. अश्वजितने एकदा आत पाहिलं आणि मान खाली घातली. त्या तिघींना सगळं पहिल्यापासून कळलेलं होतं, हे त्याला त्यांच्या तोंडांवरून दिसलं होतं.

मानीबाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग पिशवी उचलून पायाशी ठेवली आणि अंग चोरून जागा केली.

"लय दिवस लावले वं," ती म्हणाली. "बस."

मथुराबाई आत चढून तिच्याशेजारी बसली.